प्रतिवादी नंबर दोन

६ जानेवारी २०२५

दावा दाखल झाला! माझा! वादी – शलाका सुजित घोगरे. उल्हासनगर कोर्टातल्या टेबलावरच्या बाईंनी शिक्का मारला आणि मला हसूच आवरेना. लोक कोर्टात रडतात. मी दात काढत उभी.

वृंदा मॅडम म्हणाल्या, जरा गंभीर दिसा हो, नवरा मेल्याचं जाहीर करून मागताय. मॅडम म्हणजे माझ्या वकील. विधी सेवा समितीने दिल्या, फुकट. बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, मग ती कमावती असली तरी – हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. ते पण कारखान्यातल्या एका पोरीकडून.

तर हो, तेच मागतेय. सुजित २०१६च्या गणपतीत घरातून गेला तो गेलाच. पोलिसात मिसिंग नोंदवली, ते शोधून दमले. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, त्याला कोर्ट मेलेला धरू शकतं. माझी तर आठ होऊन गेली. मी ना धड सवाष्ण, ना धड विधवा. खोली त्याच्या नावावर, रेशनकार्डावर तोच पहिला. आणि भूपेश... ते नंतर लिहीन. आज नुसती मजा!

७ जानेवारी

कोर्टाचं ॲप टाकलं मोबाईलमध्ये. केस नंबर घातला की माझं नाव येतं. सकाळपासून बघतेय. दर वेळी येतं!

२१ जानेवारी

आज बेलिफ आमच्या बुवापाड्यात घरी आला समन्स घेऊन. दाव्यात प्रतिवादी नंबर एक खुद्द सुजित (जो सापडत नाही त्याच्यावर पण दावा लावावाच लागतो!), आणि नंबर दोन त्याची आई. म्हणजे माझी सासू. म्हणजे आमच्या आई, ज्यांच्यासोबत मी एका खोलीत राहते.

राजाबाई घोगरे कोण, म्हणून त्याने विचारलं. आईंनी पदराला हात पुसले, समन्स घेतलं, सही केली. मग तो म्हणाला, यातल्या वादी कुठे राहतात? मी म्हटलं, इथेच, चहा घेणार का? त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईंकडे. बिचारा चहा न पिताच गेला. तो गल्लीच्या वळणापर्यंत पोचला नसेल, आम्ही दोघी पोट धरून हसलो.

 नंतर आईंनी भाकरी अर्धीच खाल्ली.

११ फेब्रुवारी

आईंची कैफियत द्यायची होती, म्हणजे प्रतिवादीचं लेखी म्हणणं. मला वाटलं, आता बुडालं सगळं. आई म्हणाल्या, "मेला म्हनून मी कशी सही करू? मी आई हाय त्याची. आला न्हाई, सांगावा न्हाई, येवढं म्हनीन. त्याच्या म्होरं एक अक्षर न्हाई."

मान खाली घालून मॅडमना फोन केला. तर मॅडम खूश! म्हणाल्या, कोर्टाला नेमकं एवढंच पाहिजे. तो मेला का, हे कोर्टाला तरी कुठे माहीत असतं? कोर्ट विचारतं, ज्यांना त्याची खबर मिळायला हवी होती, त्यांना ती मिळाली का. आई आणि बायको. दोघींनी नाही म्हटलं की झालं.

किती सोपं! आणि किती विचित्र. आम्हा दोघींच्या कानांवर काही आलं की नाही, यावर सगळा कायदा उभा आहे.

४ मार्च

तारीख दोन मिनिटांत उरकली. सुजितचं समन्स "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा होऊन परत आलं. आता पेपरात जाहीर नोटीस द्यायची, त्याच्यासाठी आणि तमाम लोकांसाठी. कुणाची हरकत असेल तर कोर्टात या. तमाम लोकांसाठी! माझ्यासाठी अख्ख्या जिल्ह्याला विचारणार!

९ मार्च

नोटीस छापून आली. आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापली नव्हती, घाईत झालं होतं सगळं.

भूपेशने तो पेपर दुकानात काउंटरवरच ठेवला, येईल त्याला दाखवत होता. आता लिहूनच टाकते. भूपेशचं उल्हासनगरातच, कॅम्प पाचमध्ये बटणं-चेनचं दुकान आहे. मी चेकिंग करते त्या जीन्सच्या कारखान्याला माल तोच देतो. चार वर्षांपूर्वी मी एक लॉट खराब म्हणून परत पाठवला, तो भांडायला आला, आणि मग रोजच काहीतरी भांडण काढून यायला लागला. त्याची आई सिंधीत बोलते, मला निम्मं कळत नाही. पण मला "पुट" म्हणते, म्हणजे लेकरू, ते कळतं.

आमच्या आईंना माहीत आहे. मीच सांगितलं होतं दावा लावायच्या आधी. त्यांनी तेव्हा एवढंच विचारलं की माणूस पान-तंबाखू खातो का. नाही म्हटलं. मग विषय बंद.

२ एप्रिल

शिपायाने दारात उभं राहून तीनदा पुकारा केला, सुजित घोगरे हाजिर है? मला भीती होती हसू येईल. आलं नाही. जिन्याकडेच बघत राहिले. कोण कोण वर येत होतं – काळे कोट, एक गरोदर बाई, झेरॉक्सवाला.

तो नाही आला.

त्याच्याविरुद्ध दावा एकतर्फी चालणार. माझी साक्ष सतरा तारखेला. मग निकाल! मॅडम म्हणतात, आता अडायचं काही कारण दिसत नाही. परत येताना भूपेशने फालुदा खायला घातला, मी दोन खाल्ले.

१२ एप्रिल

मॅडमनी साक्षीची तयारी करून घेतली. विचारतील तेवढंच सांगायचं, आठवत नसेल तर तसं म्हणायचं, उगाच पदरचं घालायचं नाही. प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं: "तेव्हापासून आजपर्यंत माझा व त्यांचा कोणताही संपर्क नाही." माझं आयुष्य इतकं स्वच्छ कुणी लिहिलंच नव्हतं.

भूपेश रजिस्टर लग्नाचं सगळं विचारून आलाय. मी कारखान्यात जीन्स तपासताना गाणं म्हणत होते म्हणे. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, आवाज कमी, शिलाई तुटते.

१६ एप्रिल

दुपारी अनोळखी नंबर आला.

आवाज ओळखला. खोकण्यावरूनच. मी नंबर बदलला नव्हता, आईंनी बदलू दिला नव्हता.

पेपर त्याला कुणीतरी दाखवला. कुठून बोलतोय ते सांगितलं नाही. तिकडे त्याचं बिऱ्हाड आहे, एक मुलगी आहे. मी काही विचारलंच नाही, तोच सांगत सुटला. शेवटी म्हणाला, "चाललंय ते चांगलंय शलाका. मला मेलेलाच राहू दे. आईला बोलू नको."

फोन ठेवला.

हातात पँट तशीच होती. उद्या साक्ष. शपथेवर सांगायचं, आजपर्यंत संपर्क नाही. कुणालाही कळणार नाही. उद्या तसं सांगितलं की मी सुटले, खरं बोलले तर परत पहिल्यापासून.

भूपेशला सांगितलं. तो म्हणाला, "तू जो बोलेगी कोर्ट में, वो सोचके बोल. मैं रुका है, और रुकेगा."

घरी आले. आई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा जिवंत आहे आणि मी ते गिळून जेवायला वाढू? सांगितलं. सगळं, मुलीचंसुद्धा. आईंनी सूप खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. अजून तशाच आहेत.

१७ एप्रिल

शपथ घेतली आणि जजसाहेबांना सांगितलं की काल त्याचा फोन आला. तो जिवंत आहे. दावा मागे घेतला. कोर्टाने तसं लिहून घेतलं, पुढची केस पुकारली.

बाहेर मॅडम म्हणाल्या, आता घटस्फोट, सोडून गेला म्हणून. अर्ज कल्याणच्या कोर्टात. त्याला शोधावं लागेल, वेळ लागेल.

आई सोबत आल्या होत्या, त्यांनी विचारलं. "त्यात मला कुठं घालनार?"

मॅडम म्हणाल्या, त्यात तुम्हाला प्रतिवादी करायची गरज नाही, आजी. तुम्ही नसलात तरी चालेल.

"चालनार न्हाई," आई म्हणाल्या. "हिच्याकडनं साक्षीदार म्हनून घाला मला."