३१४१८७ चा सूड

३ जून
सासऱ्यांकडे जेवायला. साडू गणिताचा प्राध्यापक. त्याच्या नव्या गाडीचा नंबर ७९१९ म्हणे मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. वर मूळ संख्यांच्या रांगेत ती हजारावी! सासरे टाळ्या वाजवत उठले आणि शेजारची खुर्ची, जी थोरला जावई म्हणून माझी, ती त्याला दिली. मी स्टुलावर. बायको म्हणाली, स्टूलही चांगलं आहे. सूड घेणार.

४ जून
ऑफिसात गळ्यातल्या ओळखपत्राकडे लक्ष गेलं. ३१४१८७. वीस वर्षं छातीवर वागवतोय आणि मला पत्ता नाही! तोंडावळ्यावरूनच मूळ वाटते. सासऱ्यांच्या वाढदिवसाला सगळ्यांदेखत सिद्ध करून खुर्ची परत घेणार. इंटरनेटला विचारायचं नाही, श्रेय त्याला जाईल. कॅल्क्युलेटरही नाही. सगळं हाताने.

५ जून
कॅल्क्युलेटर घेतला. मनगट दुखतं. दोन, तीन, पाच हे पोरासोरांचे आकडे. प्राध्यापकाच्या तोंडावर मारायच्या पुराव्यात शोभत नाहीत. थेट सातापासून सुरुवात. सात: बाकी सहा. अकरा: बाकी पाच. साडू, आता तुझी खैर नाही.

७ जून, दुपार
त्रेपन्नाने भाग गेला! जेवण नको म्हटलं. बायकोने ताट उचललंसुद्धा.

७ जून, संध्याकाळ
शेवटचा सात दाबताना खालचा चार दाबला गेला होता. बाकी तीन. यातही साडूचाच हात असणार. भूक लागली आहे.

११ जून
साहेबांनी विचारलं, क्लेमच्या फायली कुठवर आल्या? म्हटलं, एकशे एकोणपन्नासपर्यंत. फार खूश झाले.

२० जून
पाचशे सत्तावन्न: बाकी एकोणचाळीस. पुढची मूळ संख्या वर्गमुळापलीकडे, बघायची गरजच नाही. जिंकलो! केक सांगितला. वर क्रीमने ३१४१८७. बायको म्हणाली, बाबांचं नाव नको का? म्हटलं, त्यांना त्यांचं नाव ठाऊक आहे.

२२ जून
वाढदिवस. उभा राहून भाषण ठोकलं. सासऱ्यांनी साडूला विचारलं, हे खरं का? तो केकाकडे बघून म्हणाला, केक सुंदर आहे. पळतोय काय! मीच म्हटलं, घाबरू नका, बोला. मग बोलला. आकड्यांची बेरीज चोवीस, म्हणजे तिनाने भाग जातो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला सावरायला साडू घाईघाईने म्हणाला, पण साडूभाऊ, तिनाने भागून येते ती १०४७२९ मात्र मूळ आहे, आणि तीही दहा हजारावी! टाळ्याच टाळ्या. सासरे पुन्हा उठले. खुर्ची त्याच्याकडे होतीच, आता पाठीला उशीही दिली.

सासूबाईंनी केक कापून वाटला. माझ्या बशीत आला तो ३. स्टुलावर बसून खाल्ला.