बाहेरून आणलेल्या दोन स्प्रिंगा

मी, भाऊसो रामा शिंगे, वय ७१, धंदा भिंतीवरची घड्याळे बनवणे, राहणार कोल्हापूर, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर पत्नी यल्लव्वा हिच्या हयातीत तिचे. तिला कोणी 'ऊठ' म्हणू नये. नंतर मुलगा बुद्धभूषण व मुलगी संघप्रिया यांना निम्मे निम्मे.

२. लेथ व माझ्या कानशी बुद्धभूषणला. १९९६ साली त्याने सेलवर चालणारी तयार मशीनं आणून आमच्या पेट्यांत बसवली. मी म्हणालो, "दुसऱ्याचं काळीज घालून आपलं नाव लावतोस?" तो वेगळा राहिला. आठ वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही.

३. आता खरे लिहितो. आमच्या घड्याळातला प्रत्येक भाग आमच्याच कारखान्यात बनतो, असे मी जगाला सांगत आलो. १९९४ साली मी टायफॉइडमधून नुकता उठलो होतो, दोन मोठी घड्याळे तर द्यायचीच होती. स्प्रिंगा तापवून विझवायच्या, म्हणजे त्यांना पाणी द्यायचे, ते जमेना, म्हणून दोन तयार स्प्रिंगा बाहेरून आणल्या. कोणाला कळू दिले नाही. एक घड्याळ इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये लागले. वर्षभरात चावी देताना स्प्रिंग तुटली, चावी उलटी फिरली आणि ज्ञानू कोरे या कामगाराचा अंगठा गेला. मी मालकाला सांगितले, "यानंच जादा चावी दिली." ज्ञानूचे काम गेले. माझी रस्त्याकडची दुकानखोली ज्ञानूला द्यावी आणि खोटे मी बोललो, हे त्याच्या घरच्यांसमोर वाचावे.

४. दुसरे घड्याळ कुरुंदवाडच्या शाळेत आहे. तिथल्या शिपाई चिमणाबाई दर सोमवारी स्टुलावर चढून चावी देतात. उघडले तर कळेल, म्हणून मी गेलो नाही. पण दर सोमवारी शाळा भरायच्या वेळेला मी काम बंद ठेवतो. माझ्यामागे बुद्धभूषणने आधी ते घड्याळ उघडावे, मग वाटण्या कराव्यात.

इथवर शेजारी व साक्षीदार आकाराम सुतार यांना वाचून दाखवले. ते ओरडले, "भाऊसो, तू मरूस्तवर ती स्प्रिंग थांबणार हाय व्हय? ऊठ की!"

त्यांनीच बुद्धभूषणला बोलावून आणले. सगळे ऐकून त्याने एवढेच विचारले, "आबा, आज वार कुठला?" शनिवार होता. तसेच आम्ही कुरुंदवाडला गेलो. स्प्रिंगेला आकड्यापाशी केसाएवढी चीर होती. ती त्याने काढली. परतताना एसटीत तो म्हणाला, "आठ वर्षं, आबा."

सबब कलम ४ रद्द. कलम ३ कायम. ज्ञानूकडे मी अजून गेलेलो नाही. काल इचलकरंजीच्या गाडीत बसलो आणि हातकणंगल्याला उतरून परत आलो. उद्या पुन्हा निघतो. पोचलो नाही, तर आकारामने हाच कागद घेऊन जावे.

सही: भाऊसो रामा शिंगे

आमच्यासमक्ष सही केली:
१. आकाराम सुतार
२. तानाबाई सुतार (अंगठा)

कोल्हापूर, १८ फेब्रुवारी २००४