बारा महिन्यांचा कागद

२६ ऑगस्ट १७७८, फिलाडेल्फिया
आज अशेरने मला घटस्फोट दिला, आणि लगेच सासूबाईंनी आम्हा दोघांना शेजारी बसवून मासे वाढले! उद्या तो आपल्या अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसच्या जहाजावर निघतोय, इंग्रजांची गलबतं पकडायला. समुद्रात काही झालं आणि त्याच्या मरणाचा साक्षीदार मिळाला नाही, तर आमच्या ज्यू धर्माप्रमाणे मी जन्मभर ना बायको ना विधवा. सासूबाईंच्या बहिणीचं तेच झालं. म्हणून हा कागद. बारा महिन्यांत परतला तर रद्द, नाही तर मी मोकळी. आमच्या सभास्थानाचे लेखनिक नफ्ताली काका, त्यांनी लिहिला; अशेरने साक्षीदारांसमोर माझ्या हातात ठेवला.

"तोंड कसलं पाडतेस? वर्षाच्या आत हजर होतो!" म्हणे. मोठा शहाणा! त्याचं कुळ याजकांचं. याजकाला घटस्फोटित बाईशी लग्न करता येत नाही – ती स्वतःचीच आधीची बायको असली तरी. एकदा मुदत टळली की संपलं.

२ डिसेंबर
पत्र नाही.

१९ मार्च १७७९
जहाज इंग्रजांनी पकडलं. कैदी न्यूयॉर्कच्या बंदरात, कुजक्या गलबतांवर कोंडलेत. रोज माणसं मरतात म्हणे. सासूबाई मला दटावतात, "रडून काय सुटणार आहे तो?" – आणि स्वतः चुलीपाशी रडत बसतात.

१ ऑगस्ट
नफ्ताली काकांकडे जाऊन आले. मुदत वाढवा म्हटलं. "पोरी, कागद देणारा तो. माझ्या हातात काय आहे?"
म्हटलं, अजून पंचवीस दिवस आहेत. "चौदा," म्हणाले. "कागदावर आपली तारीख आहे, एलूल महिन्याचा तिसरा दिवस. आपले महिने चंद्राचे. अकरा दिवस आधीच भरतात."
सगळे सणवार चंद्रावर मोजणारी मी – आणि हेच कसं सुचलं नाही!

१५ ऑगस्ट
सूर्य मावळला. आता मी अशेरची कोणी नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझी लेक म्हणून राहा." मला रडूही आलं नाही.
एक पापी विचार मनातून जात नाही. तो मेला असेल, तर निदान त्याला हे कळणार तरी नाही.

२० ऑगस्ट, शुक्रवार
कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून अशेर आला. पाय सुजलेले, पुढचे दात गेलेले. दारातूनच ओरडला, "बघ! सहा दिवस राखून आलो!" पहारेकऱ्यांना रोज तारीख विचारून दिवस मोजत होता म्हणे.
सासूबाई आत गेल्या. त्याने हात पुढे केले. मी मागे सरले आणि मुदत पाच दिवसांपूर्वीच टळल्याचं सांगितलं.