पूजेआधीचं बोलणं

मोनाली,

"मशीन कानात ठेवा, समोर बसून दिवसभर बोला," असं त्या कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शरूला ऐकू येत नाही हे कळल्यापासून तू तांदूळ निवडतानाही बोलतेस. "हा बघ खडा, शरू, दे फेकून!" शेजारीण म्हणाली, "भिंतीशी बोलतीस का गं?" तू हसून म्हणालीस, "भिंत न्हाई, लेक हाय माझी." केवढा तुझा धीर!

मी मात्र रोज पूजा होईतो मौन धरून त्या लेकराच्या पुढ्यात गप्प बसायचे. नऊ वर्षांचं व्रत आज देवाला सांगून सोडलं. परत आल्यावर पूजा करीन.

तू झोप. मशीन घातलंय, बॅटरी नवी आहे. काल शरूला वासरू दाखवायचं खुणेनं कबूल केलंय, तर आम्ही दोघी बोलत बोलत गोठ्याकडं निघालो.

तुझी सासू