मागच्या भिंतीवरचा कागद

ता. ३ मार्च

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुमचं कसं चाललंय ते तुमच्या अक्षरावरून कळलं. ओळी अशा उतरत गेल्यात, जणू लेकाच्या तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरून पळून चालल्यात.

आता तुमच्या माहेरच्या बागेची बातमी ऐका. तुमचे भाऊ गेल्यापासून चार वर्षं मी त्या रानाकडे पाठ करून बसले होते. आता माळ्याला घेऊन साफ करायला काढलंय. माळी माझ्याहून म्हातारा, मी त्याच्याहून हट्टी. दोघांत मिळून एक धड माणूस होतो. काटेरी जाळी काढली तर खाली काय, चक्क एक हौद! मागच्या खोलीच्या भिंतीला अगदी खेटून. टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आणणारा जुना नळ होता, त्याच्या तोंडात कुणा शहाण्यानं गोणपाट आणि चुन्याचा बोळा ठासलेला. दोन दिवस पहारीनं उकरला तेव्हा निघाला. पाणी असं उसळलं की माळी घाबरून खाली बसला आणि मी हसून हसून त्याच्या शेजारी.

तर मुद्द्याचं असं, की आता तुम्ही या. पाहुण्या म्हणून नाही, राहायला या. तिथं तुम्ही सुनेच्या पायात येता, इथं मी कढईशी बोलते. मागची खोली तुमचीच होती, तुमच्यासाठीच झाडून ठेवलीय. खिडकी उघडली की खाली पाणी, पलीकडे गुलाब. गुलाब अजून काड्याच आहेत, पण मी त्यांना दम दिलाय.

लोभ आहेच, त्याला मधून मधून पाणी घालत जा.
तुमची वहिनी

---

ता. ९ मार्च

प्रिय वहिनीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र सुनेनं आधी वाचलं, मग मी वाचलं, मग मी एकटीनं पुन्हा वाचलं. मुलाशी बोलले. तो म्हणाला की घर जुनं आहे, धड आहे असं कुणी जाणत्यानं सांगितलं तर पाठवतो. दहा एप्रिलला स्वतः सोडायला येईन म्हणाला. वहिनी, मी बॅग माळ्यावरून काढूनसुद्धा ठेवली. हसू नकोस.

हौद भरला हे वाचून मात्र थोडं थांबायला झालं. ते पाणी बाहेर कुठून जातं गं? मागच्या खोलीची फरशी ओली लागते का? सहज विचारते. मनावर घेऊ नकोस.

गुलाबांना दम दे, पण माळ्याला देऊ नकोस. आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वन्सं

---

ता. १६ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही तिथं बसून फरशी कशी ओळखलीत? ओली आहे. मला वाटलं मीच तांब्या सांडला. मग खिडकीच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली, केसाएवढी. तुमच्या लेकाची अट होती म्हणून गवंड्याला बोलावलं. गंभीर माणूस, हसायला पैसे पडतात असं तोंड. त्यानं चिरेवर आडव्या तीन कागदी पट्ट्या खळीनं चिकटवल्या, वर तारीख घातली. पट्टी फाटली तर भिंत हलतेय असं समजायचं, मग खोलीत पाऊल टाकायचं नाही, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मधली फाटली.

आता रागावू नका. मी तसाच वहीचा कागद कापला, पिठाची खळ केली आणि नवी पट्टी लावली. तारीख अशी हुबेहूब काढली की गावच्या शाळेतल्या मास्तरांनी पाठ थोपटली असती. गवंडी आला, चष्मा लावून बघितलं, मान डोलावली आणि गेला. तुमच्या लेकाला कळवतो म्हणाला. मी पदर तोंडात कोंबून हसले.

पण एक सांगते, कुणाला बोलू नका. दुपारी सगळं शांत झालं की त्या भिंतीत काहीतरी सांडतं. सुपातून धान्य घरंगळावं तसं, थोडं, आणि मग थांबतं. मी मुद्दाम त्याच खोलीत आडवी होते. बाहेर आले तर मी घाबरले असं होईल ना!

तुमची बॅग आवरून होऊ द्या. लोभाला चीर पडू देऊ नका.
वहिनी

---

ता. २१ मार्च

वहिनी,

नमस्कार वगैरे राहू दे. हे वाचशील त्या क्षणी त्या खोलीतून बाहेर पड. उशी घ्यायलासुद्धा आत जाऊ नकोस. मी तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात दोनदा फोन लावला, कुणी उचलत नाही.

तो बोळा माझ्या वडलांनी ठासला होता. मी अकरा वर्षांची होते, चुन्याचं घमेलं मीच धरलं होतं. हौदाचं पाणी भिंतीच्या पायात मुरत होतं. तेव्हा तिथं आत्याची खोली होती. ती खोली एका दुपारी कोसळली आणि आत्या पुढे जन्मभर काठीनं चालली. वडलांनी खोली पुन्हा बांधली, नळ बुजवला आणि त्यावर काटेरी झाडं लावली, कुणी हौदाकडे फिरकू नये म्हणून. घरात त्याचा विषय काढायचा नाही असा दंडक होता. तुझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं, तो तेव्हा पाळण्यात होता.

मला तुझं पहिलंच पत्र वाचून आठवलं होतं. तरी मी नुसतं फरशीचं विचारलं. खरं सांगितलं असतं तर तू बाग सोडून दिली असतीस, मुलानं नाही म्हटलं असतं, आणि मी इथंच या खिडकीत बसून राहिले असते. मला यायचं होतं गं. म्हणून गप्प बसले. तुझ्या डोक्यावर भिंत ठेवून गप्प बसले.

पाणी बंद कर. लगेच दोन ओळी टाक.
वन्सं

---

ता. २२ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचं उत्तर नाही, म्हणजे रागावलात. रागवा, पण लिहा.

आज सकाळी तीनही पट्ट्या फाटलेल्या. मी नव्या लावल्या, पण तारीख वाकडी आली. खोलीचं दार आता लागत नाही, चौकट तिरकी झालीय. चिरेत माझी करंगळी जाते. घालून बघितली आणि काढली, आतून गार वारा लागला. हे कुणाला सांगू? माळ्याला सांगितलं तर तो गवंड्याला सांगेल, गवंडी तुमच्या लेकाला, आणि तुमची बॅग परत माळ्यावर.

विनोद सुचत नाहीये. असं माझ्या आयुष्यात दोनदाच झालंय.

पत्र पेटीत टाकते. अंथरूण आज स्वयंपाकघरात घातलंय. उंदीर फार झालेत, म्हणून.
वहिनी

---

ता. २६ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

मी जिवंत आहे. आधी हे वाचा, मग श्वास घ्या, मग पुढचं.

तुमचं पत्र चोवीस तारखेला अकराच्या सुमारास आलं. पायरीवर उभ्यानं वाचलं. मग चप्पल न घालता हौदाकडे पळाले. हाताला लागलं ते नळात कोंबलं, माझी चांगली सतरंजी गेली. माळ्यानं बादल्यांनी हौद उपसला. त्याचा बिचाऱ्याचा श्वास भात्यासारखा चालला होता, पण थांब म्हटलं तरी थांबेना.

मग गवंड्याकडे गेले. पट्ट्या मी बदलल्या असं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओट्यावर बसला आणि कपाळाचा घाम पुसत राहिला. म्हणाला की आजी, त्या कागदाच्या भरवशावर मी गेल्या खेपेला त्याच भिंतीला टेकून डबा खाल्ला, घरी दोन मुली आहेत माझ्या. वन्सं, मी सगळ्यांच्या खोड्या काढल्या, सासूबाईंच्यासुद्धा. पण त्या माणसाकडे मला बघवेना. मी त्याची माफी मागितली. त्यानं थैली उचलली आणि माझ्याबरोबर आला.

खोलीत त्यानं कुणाला जाऊ दिलं नाही. बाहेरून टेकू लावायचं बघत होता, तेवढ्यात म्हणाला मागे व्हा. त्याच दुपारी साडेतीनला भिंत गेली. मोठा आवाजही नाही. आधी ते धान्य सांडलं, मग पोतं फुटावं तशी सगळी हौदात बसली. तुमची खाट खाली आहे. मी जिथं दुपारी आडवी व्हायचे, तिथं खिडकीवरचा आडवा दगड पडलाय. लिहितेय ती स्वयंपाकघरात बसून, आणि फडताळ करकरलं तरी उठून दारात जाते.

बाकीचं घर राहील असं गवंडी म्हणतो. पण महिनाभर रोज येऊन बघणार, आणि मी कुठल्याच भिंतीला हात लावायचा नाही. तुमच्या लेकाला मी स्वतः वेगळं पत्र लिहिलंय. सगळं, खळीसकट. त्यानं नाही म्हटलं तर माझं काही म्हणणं नाही.

तुम्ही गप्प बसलात म्हणून मी रागावावं, असं तुमच्या पत्रात दिसतं. कशी रागावू? तुम्ही गप्प बसलात आणि मी खोटं बोलले, आणि कारण दोघींचं एकच. दोन म्हाताऱ्यांना एका घरात राहायचं होतं. तेवढ्यासाठी एका बापाला आपण भिंतीखाली बसवलं होतं. हे मला विसरायचं नाही, तुम्हीही विसरू नका.

आता खरं काय ते लिहिते. तुमची खोली नाही. हौद नाही. गुलाबांवर माती पडलीय. स्वयंपाकघरात दोन अंथरुणं लागतील एवढीच जागा आहे, आणि मला प्रत्येक आवाजाची भीती वाटते. एवढं माहीत असून यावंसं वाटलं तर या. एकटीनं घाबरून कंटाळा आला. दोघी मिळून घाबरू.

लोभ जसा असेल तसा घेऊन या, डागडुजी इथं करू.
तुमची वहिनी