सविताचा बाण

शनिवार, डिसेंबर २०१७, तलासरी

आज सातवीला उधव्याजवळच्या टेकडीवर नेलं होतं. पाणलोट म्हणजे काय, ते पुस्तकाबाहेर शिकवायचं होतं. पाणी कुठे वाहतं, त्याचा बाण प्रत्येकाने वहीतल्या नकाशात काढायचा होता. पलीकडच्या उताराचं पाणीही शाळेजवळच्या ओहोळात येतं, असं मी सांगितलं. सविता म्हणाली, "नाय बाई, ते आमच्या पाड्याकडं जातं."

"शिकवतंय कोण? तू की मी?" सगळी पोरं हसली. असं का बोलले मी? माझं शिकवणं पाहायला बाहेरून आलेले प्रशिक्षक शेजारी उभे होते म्हणून?

प्रशिक्षकांनी पलीकडच्या कातळावर बाटली रिकामी केली. पाणी सरळ पाड्याच्या दिशेने ओघळलं. निदान तेव्हा तरी चूक कबूल करायची! मी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चला, डबे काढा."

सविताचं सगळं आयुष्य त्या उताराखाली गेलंय. मी तो आज पहिल्यांदा पाहिला.

डबा खाताना ती वहीत काहीतरी खोडत होती. मला दिसलं होतं, तरी मी विचारलं नाही. आत्ता वह्या तपासताना कळलं. आपला बरोबर बाण खोडून तिने माझा काढलाय. खाली नीट अक्षरात लिहिलंय, "बाईंनी सांगितल्याप्रमाणे."