टोपलीतली सीडी आणि तुझी कॅसेट

बाबा, परवा सुट्टीच्या दिवशी जुन्या सामानाच्या दुकानात, दाराशी ठेवलेल्या टोपलीत एक सीडी सापडली. कुणी घेत नाही म्हणून कवडीमोलात काढलेली. वर समुद्राकडे तोंड केलेली रिकामी खुर्ची, बाकी सगळं इंग्रजी. शारजात मी लॉन्ड्रीची गाडी चालवतो, चार वर्षांतली ही तिसरी नोकरी, आणि त्या जुन्या गाडीत सीडी अजून वाजते. एक बाई गिटारवर गाते. घरात कुणी आजारी झोपलंय, त्याला जाग येऊ नये अशी. सूर चढेल चढेल वाटतो, चढत नाही. मधेच तिचा श्वास ऐकू येतो. शब्द एकही कळला नाही मला. शेजारी बसलेला केरळवाला म्हणाला, "भाई, कोई मर गया क्या?" मी बंद केली नाही.

तू जाखडीच्या नाचात गायला उभा राहिलास की वाडी डोलायची, पण स्वतःची कॅसेट काढलीस ती असल्याच हळू गाण्यांची. ओटीवर बसून भरलेली, मधेच आपला कोंबडा आरवतो. लांज्याच्या दुकानदाराने तीही अशीच टोपलीत टाकली. "बुवा, एवढं रडकं कोण ऐकनार? ढोलकी तरी वाजवायचीत!" तू हसलास आणि उरलेल्या सगळ्या गोणीत भरून घरी आणल्यास.

मी शाळा सोडली त्या वर्षी भात पिकायला आलं होतं आणि पाखरं पडत होती. कॅसेटची पट्टी शेतावर ताणली की वाऱ्यावर चमकते, घुमते, पाखरं उडतात. सगळेच लावायचे. मी गोणी उघडली. तू बांधावर येऊन उभा आहेस, काठ्यांना बांधलेल्या काळ्या पट्टीला बोट लावून बघतोयस. मी विचारतो, "एक तरी ठेवायला हवी होती काय?"

"असू दे रे. माणसांनी नाय ऐकला, पाखरांनी तरी ऐकूदे."

ओरडला असतास तर बरं झालं असतं.

तू जाऊन बारा वर्षं झाली आणि तुझा आवाज कुठेच नाही. माझ्या कानात थोडा आहे, तोही कमी होत चाललाय. आतेला विचारलं, तिच्याकडे नाही. लांज्याचं ते दुकान कधीच बंद झालं. काल तुझ्या ढोलकीवाल्या काकांना फोन लावला. "कॅसेट नाय रे बाबू, पन गानी येतत मला. आयक." त्यांनी तुझं गाणं धरलं. दमलेला आवाज, चाल तुझीच. दोन ओळी झाल्या आणि मी "हॅलो, हॅलो, काय ऐकू येत नाय काका" म्हणत फोन ठेवला.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. नीट ऐकू येत होतं.